रिसेटचं बटण दाबण्याआधी

तामलवाडी आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या मंडळींना एक विनंती आहे. घरातलं नेट बंद पडलं तर चिडा, चहा घ्या, पण टाचणी हातात घेऊ नका.

टाचणीचं काय, ते आधी सांगतो. वाय-फायच्या डब्याला मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं आणि आत एक बटण. पारावर, दुकानात, फोनवर कुणी ना कुणी सल्ला देतंच, "टाचणी घाला, धा सेकंद दाबून धरा, सगळं नीट होतंय." मीही दाबलं होतं. मुलीच्या फॉर्मची शेवटची रात्र होती. दुपारभर लाइट नव्हती, संध्याकाळी आली, तर डेस्कटॉपवर एकही साइट उघडेना. वाय-फाय जोडलेलं दिसत होतं, सिग्नलच्या पट्ट्या भरलेल्या होत्या, पण पान उघडायला गेलं की तांबडी खूण आणि इंग्रजीत इशारा. प्लग काढून झाला, परत घालून झाला. शेवटी टाचणी घेतली.

त्या बटणानं डबा कारखान्यातून निघाला तसा कोरा होतो. लाइन बसवताना आत भरलेलं युजरनेम, पासवर्ड, सगळी मांडणी पुसली जाते. झालं तसंच. मुलीनं फॉर्म शेजारच्या घरी बसून भरला. तिसऱ्या दिवशी लाइन बघणारा मुलगा आला. त्यानं डबा नव्यानं लावून दिला, घरातले मोबाइल लागले. डेस्कटॉप मात्र तसाच. मुलानं पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "काका, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अजून २०११ साल चालू आहे की."

डेस्कटॉपच्या आत, मदरबोर्डवर, रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो. सीआर २०३२ हे त्याचं नाव, ३ व्होल्टचा. लाइट नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. चार-सहा वर्षांनी तो संपला, की लाइट गेल्यावर कॉम्प्युटर तारीख विसरतो आणि जुन्या कुठल्या तरी सालात जाऊन बसतो. प्रत्येक सुरक्षित साइटकडं एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरच्या लेखी आज २०११ असेल तर ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही. म्हणून तो साइट उघडू देत नाही. नेट सुरू होतं, डबा सुरू होता, लाइन सुरू होती. बिघडला होता एक सेल. आणि ती सगळी संध्याकाळ माझा मोबाइल त्याच वाय-फायवर निवांत चालला होता. त्याच्याकडं बघायचं मला सुचलंच नाही.

माझं सगळं सांगणं एवढंच आहे. दुरुस्ती नंतर, आधी दोष कुठं आहे ते बघा.

हे आपल्याला नवीन नाही. काटी-सावरगावच्या पट्ट्यात द्राक्षबागा आहेत, ठिबक घरोघरी आहे. एका ओळीतल्या वेलांना पाणी येईना म्हणून कुणी विहिरीतली मोटर वर काढत नाही. शेजारच्या ओळीत पाणी येतंय का, हे आधी बघतो. येत असेल तर मोटर, फिल्टर, मेन लाइन यांना हात लावायचं कारण नाही, त्या एका नळीकडं जायचं. कुठल्याच ओळीत येत नसेल तर मात्र मागं चालत जायचं. नेटचेही असेच चार टप्पे आहेत. डेस्कटॉपपासून डब्यापर्यंतचा हवेतला टप्पा, तो डबा, डब्यापासून कंपनीपर्यंतची लाइन आणि तिथून पुढं तुम्हाला हवी ती साइट.

शेजारची ओळ म्हणजे तुमचा मोबाइल. त्याचा मोबाइल डेटा बंद करा, नुसतं वाय-फाय ठेवा आणि एखादी साइट उघडा. डेटा बंद करायचा विसरलात तर फोन गुपचूप टॉवरवरून नेट घेतो आणि तुमची फसगत होते. मोबाइलवर चाललं तर डबा आणि लाइन दोन्ही ठीक, डेस्कटॉपकडं वळा. मोबाइलवरही चाललं नाही तर डेस्कटॉपचा नाद सोडा, डब्याकडं जा. आणि बाकी सगळं उघडतंय, फक्त फॉर्मची साइट उघडत नाही, असं असेल तर घरातल्या कशालाच हात लावू नका. शेवटच्या तारखेला हजारो लोक एकाच दारावर उभे असतात. पहाटे पाचला उठून बघा, दार बहुतेक मोकळं सापडतं.

डेस्कटॉपचं दुखणं

मोबाइल चालतोय, डेस्कटॉप चालत नाही, असं ठरलं की पहिलं काम म्हणजे तारीख आणि वेळ बघणं. चूक असेल तर सुधारा आणि लवकरच सेल बदलून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. मशीन बंद करून, प्लग काढून मगच झाकण उघडा.

दुसरं काम रिस्टार्टचं. इथं एक गंमत आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये 'शटडाउन' केलं तरी मशीन पुरतं विसरत नाही. पुढच्या वेळी लवकर चालू व्हावं म्हणून आतली बरीच स्थिती जपून ठेवतं आणि अडकलेली गोष्टही त्यासोबत जपली जाते. 'रिस्टार्ट' केलं की मात्र सगळं कोरं होऊन उभं राहतं. म्हणून "बंद करून चालू केलं की वो, तरी नाही" असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, शटडाउन केलं की रिस्टार्ट?

तरीही नाही, तर वाय-फायच्या यादीत घरचं नाव दिसतंय का बघा. दिसतंय पण जोडत नाही, तर त्या नावावर 'फरगेट' करा आणि पासवर्ड घालून नव्यानं जोडा. मधल्या काळात घरात कुणी पासवर्ड बदलला असेल तर जुनाच धरून मशीन दार ठोठावत बसतं. शेजारच्यांची नावं दिसतात आणि आपलंच दिसत नाही, तर वेगळा विचार करा. वाय-फायच्या दोन लहरी नेहमीच्या, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. डोंगल म्हणजे डेस्कटॉपला वाय-फाय पकडून देणारी, यूएसबीच्या खाचेत बसणारी काडी. जुन्या, स्वस्त डोंगलला फक्त २.४ कळते. नवीन डबा ५ वरच ठेवला असेल तर मोबाइलला तो दिसेल, डोंगलला दिसणार नाही. लाइनवाल्याला सांगून २.४ सुद्धा चालू ठेवून घ्या.

यादीच येत नाही, वाय-फायचं चिन्हच गायब आहे, असं असेल तर बहुतेक ड्रायव्हर गेलेला असतो. विंडोज नवीन टाकून आणल्यावर हे हमखास होतं. ड्रायव्हर म्हणजे डोंगल आणि विंडोज यांच्यातला दुभाषी. तो नेटवरून घ्यायचा, आणि नेट तर नाही. यावर उपाय खिशातच आहे. मोबाइल चार्जिंगच्या वायरीनं डेस्कटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. मोबाइलचं नेट वायरीतून मशीनला मिळतं, विंडोज अपडेटमधून किंवा डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवता येतो. फॉर्मची रात्र असेल तर तोही याच वायरीवर भरून टाका, बाकीचं उद्या बघू.

यात कुणी म्हणालं, "मशीन जुनं झालं, नवीन घ्या," तर घाई करू नका. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टनं दिलेला नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे खरं. सुरक्षेसाठी पुढंमागं विचार करावाच लागेल. पण आज वाय-फाय लागत नाही याचं कारण ते नव्हे.

भिंत, पत्रा आणि लोखंडी पेटी

नेट येतं-जातं, रात्री अडकतं, डब्याजवळ भरभर नि आतल्या खोलीत मंद, असं असेल तर दोष हवेतल्या टप्प्यात आहे. आपली जुनी घरं दगडी, भिंती हातभर जाड. नव्या खोल्यांवर पत्रा. लहरींना दगड जड जातो आणि लोखंड तर त्यांना पलीकडं जाऊच देत नाही. डबा बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या मागं, लोखंडी कपाटाला टेकून, आणि डेस्कटॉप दोन भिंती पलीकडं, अशी मांडणी मी कितीतरी घरांत बघतो.

त्यात डेस्कटॉपची एक खास अडचण आहे. डोंगल असतं सीपीयूच्या मागच्या बाजूला, सीपीयू टेबलाखाली आणि त्याची पाठ भिंतीला. एका बाजूला लोखंडी पेटी, दुसऱ्या बाजूला भिंत, मधल्या बोटभर जागेत ते बिचारं सिग्नल शोधत असतं. मीटरभराची यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणा, डोंगल टेबलावर आणून ठेवा. नुसत्या एवढ्यानं दोन पट्ट्यांच्या चार झालेल्या मी बघितल्या आहेत. निळ्या खाचेतल्या हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्हच्या अगदी शेजारी डोंगल लावू नका. त्या वेगवान यूएसबीच्या कामातून जो गोंगाट उठतो तो नेमका २.४ च्या आसपासचा असतो. डोंगलऐवजी आत वाय-फायचं कार्ड बसवलेलं असेल तर मागच्या अँटेना लावलेल्या आहेत ना, घट्ट आहेत ना, तेही बघा. आवराआवर करताना काढून ठेवलेल्या अँटेना ड्रॉवरमध्ये सापडतात.

२.४ ही लहर आपल्या देशात २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येते. त्यामुळं तिथं वस्तीही दाट. शेजारपाजारची वाय-फाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळे तिथंच. तिच्यात एकमेकांच्या पायात न येणाऱ्या वाटा तीनच, चॅनेल १, ६ आणि ११. गल्लीत सगळ्यांचे डबे एकाच चॅनेलवर असतील तर लाइनवाल्याला आपला दुसऱ्यावर न्यायला सांगा. ५ ची लहर वेगवान आणि मोकळी, पण भिंतीपुढं लवकर दमते. डबा आणि डेस्कटॉप एकाच खोलीत असतील तर ५ वापरा, मधे भिंत असेल तर २.४.

आणि सगळ्यात साधी गोष्ट शेवटी सांगतो. डेस्कटॉप काही उठून अंगणात जात नाही. जागचं न हलणाऱ्या मशीनला हवेतून नेट द्यायचा अट्टहास कशाला? डब्यापासून लॅनची वायर टाका. १०० मीटरपर्यंत ती चालते, आपल्या घरात पंधरा-वीस पुरते. वायर घातली की भिंत, पत्रा, डोंगल, चॅनेल यांची चिंताच संपली. फक्त ती घरातल्या घरात राहू द्या. मोकळ्यातून गोठ्यापर्यंत नेऊ नका. पावसाळ्याच्या तोंडाला आपल्याकडं विजा पडतात आणि तांब्याची लांब वायर त्यांना वाट देते. कडकडाट सुरू झाला की डब्याचा आणि कॉम्प्युटरचा प्लग काढा, लॅनची वायरही काढा.

डबा आणि लाइन

मोबाइलवरही नेट नाही, तर डब्यावरचे दिवे वाचा. फायबरच्या डब्यावर 'पॉन' नावाचा दिवा स्थिर हिरवा हवा. 'लॉस' नावाचा दिवा तांबडा लागला, तर कंपनीकडून येणारा प्रकाशच तुमच्यापर्यंत पोचत नाही. वायर कुठंतरी तुटली आहे किंवा मुडपली आहे. सोलापूर-तुळजापूर रस्त्याच्या कडेला जेसीबी चालली, घरामागं उंदरानं कुरतडलं, लेकरानं वायरीला झोका दिला, काहीही असू शकतं. घरातली पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कुठं दुमडली असेल तर अलगद मोकळी करा. पण तिचं टोक उपसून आत डोळा लावू नका. त्यातला लेसर डोळ्याला दिसत नाही, इजा मात्र करू शकतो. तांबडा दिवा लागलेला असताना डेस्कटॉपवर काहीही केलं तरी उपयोग नाही. तक्रार नोंदवा आणि मोकळे व्हा.

दिवाच लागत नसेल तर अडॅप्टर बघा. सेट-टॉप बॉक्सचा आणि नेटच्या डब्याचा अडॅप्टर दिसायला भाऊ-भाऊ असतात, साफसफाईत अदलाबदल होते. मागं व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, ते डब्यावरच्या आकड्यांशी जुळवा. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. अँपिअर कमी पडले तर डबा सुरू होतो आणि भार आला की मान टाकतो.

दिवे सगळे ठीक आहेत, तरी नेट नाही, तर डबा बंद करा. अर्धा मिनिट थांबा. चालू करा आणि पाच मिनिटं हात लावू नका. लाइट गेली-आली की हीच घाई नडते. डेस्कटॉप आधी जागा होतो, डब्याला उठायला वेळ लागतो आणि मधल्या दोन मिनिटांत माणूस चार बटणं दाबून बसतो. डब्यासाठी छोटा यूपीएस घेतलात तर ही कटकटच राहत नाही.

ज्यांच्याकडं फायबर नाही, टॉवरवरून घेतलेलं नेट आहे, त्यांनी एक ध्यानात ठेवावं. टॉवरचं नेट म्हणजे सामायिक विहीर. कोजागरीला तुळजापूरला चालत निघालेल्या भाविकांनी आपला रस्ता रात्रभर फुललेला असतो आणि प्रत्येकाच्या हातात फोन असतो. त्या रात्री नेट मंद झालं तर तो तुमच्या मशीनचा दोष नव्हे.

दोष नेमका कुठं, याची पक्की खूण हवी असेल तर डेस्कटॉपच्या शोधपट्टीत इंग्रजी अक्षरांत 'सीएमडी' लिहा. काळी खिडकी उघडते. तिथं इंग्रजीतच 'आयपीकॉन्फिग' लिहून एंटर दाबा. 'आयपीव्ही४ अॅड्रेस'च्या ओळीत १९२.१६८ नं सुरू होणारा आकडा असेल तर डब्यानं मशीनला पत्ता दिलेला आहे. बऱ्याच घरांत हीच सुरुवात असते. १६९.२५४ नं सुरू होत असेल तर पत्ता मिळालेलाच नाही, मशीननं स्वतःच काहीतरी धरलंय. अशा वेळी डबा बंद-चालू करून, 'फरगेट' करून नव्यानं जोडा. त्याच यादीत 'डिफॉल्ट गेटवे'समोर जो आकडा असतो तो डब्याचा पत्ता. 'पिंग' लिहून, एक जागा सोडून तो पत्ता लिहा. चारही उत्तरं लगेच आली तर हवेतला टप्पा ठीक. मग पिंग ८.८.८.८ करा, हा गूगलचा पत्ता. डबा उत्तर देतो, गूगल देत नाही, तर लाइनचा दोष. दोघंही देतात, तरी साइट उघडत नाही, तर परत घड्याळाकडं बघा.

वेगाचीही एक गफलत आहे. जाहिरातीत ४० एमबीपीएस लिहिलेलं असतं, फाइल उतरते सेकंदाला ५ एमबीनं, आणि माणसाला वाटतं फसवलं. फसवलेलं नाही. जाहिरातीतला आकडा बिटचा, फाइलचा आकडा बाइटचा, आणि ८ बिटचा १ बाइट. सरकारनं २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा २ एमबीपीएस ठरवली. फॉर्म भरायला, सातबारा काढायला त्याहून फार काही लागत नाही. पान मंद उघडतंय म्हणून महागाचा प्लॅन घेण्याआधी डोंगल टेबलावर आणून बघा.

तक्रार करताना

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथं भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. नंबर बिलावरून किंवा कंपनीच्या अॅपवरून घ्या. पलीकडच्यानं मोबाइलमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये एनीडेस्कसारखं अॅप टाकायला सांगितलं, ओटीपी मागितला, "दोन रुपये भरून बघा" म्हणाला, तर फोन ठेवा. तांबडा दिवा लागलेली लाइन जोडायला तुमचा ओटीपी लागत नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढं सरकतात.

खऱ्या नंबरावर बोलताना "नेट चालंना गेलंय" एवढंच सांगू नका. "लॉसचा दिवा तांबडा आहे, सकाळी नऊपासून, डबा एकदा बंद-चालू केला, मोबाइलवरही नाही" असं सांगा. पलीकडचा माणूस सावरून बसतो आणि लाइन जोडणारा मुलगा योग्य सामान घेऊन येतो. तक्रार क्रमांक मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. दाद लागली नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं.

एवढं सगळं ध्यानात राहणार नाही. माझ्याही राहत नाही. म्हणून डब्याशेजारी भिंतीवर मी वहीचं एक पान चिकटवलंय. त्यावर वाय-फायचं नाव आणि ग्राहक क्रमांक आहे, बिलावरचा तक्रारीचा नंबर आहे आणि खाली रिकाम्या ओळी. नेट गेलं की त्यातल्या एका ओळीत तारीख, दिव्याचा रंग आणि काय केल्यावर सुरू झालं ते लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कशानं जमलं ते कळतं. पासवर्ड मात्र भिंतीवर नको, तो वहीत. पान भरत आलंय. तीनदा लाइट येऊन-जाऊन, दोनदा वायर, एकदा अडॅप्टर. आणि पहिल्या ओळीत, मुलीच्या अक्षरात: 'घड्याळ. टाचणीची गरज नव्हती.'